बिनानाकाची गाडी

माझा भाऊ गाड्या विकायचा. नागपूरच्या कामठी रोडवरच्या एका शोरूममध्ये तो सेल्समन होता, आणि त्याच्याकडे बघून कोणालाही वाटलं नसतं की हा माणूस काही विकू शकत असेल. गिऱ्हाइकाला गाडीत बसवायचा, आपण बाहेर उभा राहायचा आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. तरी त्याच्या गाड्या खपायच्या, कारण त्याच्याकडून गाडी नेलेला माणूस वर्ष-दोन वर्षांनी आपल्या साळ्याला नाहीतर साडूला घेऊन त्याच्याकडेच परत यायचा.

दादा, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि आईबाबा नंदनवनच्या घरी राहायचे. मी लग्न होऊन मानेवाड्याला गेले होते, म्हणजे गावातल्या गावातच. रविवारी मी, माझा नवरा आणि मुलगा हटकून नंदनवनला जेवायला असायचो. अशाच एका रविवारी वांग्याची भाजी वाढून घेता घेता दादाने सांगितलं की कंपनीची एक नवी गाडी येते आहे. आठ माणसं बसतात. दोन्ही बाजूंचे मागचे दरवाजे सरकतात. असं सांगताना त्याने ताटावरून मान वर करून आम्हा सगळ्यांकडे एक नजर फिरवली. आम्ही बरोबर आठ होतो.

तोवर आमच्याकडे दादाची मोटारसायकल, बाबांची स्कूटर आणि आमची एक जुनी छोटी कार होती. कुठे जायचं म्हटलं की कोण कशावर हे ठरवण्यातच अर्धी सकाळ जायची. लग्नाला आम्ही कधी एकत्र पोचलो नाही. कोणी अक्षतांच्या आधी, कोणी जेवणं उरकत आल्यावर.

गाडी आली तेव्हा शोरूमच्या मधोमध तिला उभी केली. दादाने मला आणि वहिनीला मुद्दाम बघायला बोलावलं. आतून गाडी फार छान होती. एखाद्या बैठकीच्या खोलीत शिरावं तसं वाटायचं. जमिनीला लागून पायरी, मोठ्या काचा, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मान मोकळी ठेवून बसता येईल एवढी जागा. पण समोरून ती सपाट होती. इंजिनसाठी पुढे जो भाग असतो तो इतका आखूड की चेहऱ्यावर काही सुरूच होत नाही आणि संपतही नाही. वहिनी बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "हिले नाकच नाही."

पुढे दुसऱ्या सेल्समन लोकांनीही तिला तेच नाव पाडलं. बिनानाकाची.

पहिल्या महिन्यात बघायला पुष्कळ लोक आले. मुलं दरवाजा सरकवायला मिळतो म्हणून खूश असायची. बायका आत बसून इकडेतिकडे बघायच्या आणि खाली उतरायला उशीर लावायच्या. मग घरातला कर्ता माणूस गाडीभोवती एक फेरी मारायचा, समोर येऊन थांबायचा, आणि म्हणायचा की टेम्पोसारखी दिसते. लकडगंजचे एक प्लायवूडचे व्यापारी सगळं कुटुंब घेऊन तीन वेळा आले होते. त्यांची म्हातारी काकू तर आत बसली ती उतरेचना. तिसऱ्या खेपेला शेठ मधल्या सीटवर बसले आणि काच खाली करायला बटण शोधायला लागले. मधल्या काचा खाली होत नव्हत्या, नुसत्या बोटभर बाहेर उघडायच्या. शेठ दादाला म्हणाले, मग तंबाखूचा खर्रा थुंकायचा कुठे? ते लोक समोरच्या शोरूममधून उंच, लांब नाकाची जीप घेऊन गेले. तिच्यात त्या काकूंना चढवायला स्टूल लागायचं, हे दादाला नंतर कळलं.

असं वर्षभर चाललं. गाडी वाईट आहे असं कोणी म्हणायचं नाही. सगळे चांगलीच म्हणायचे आणि दुसरीच घ्यायचे. दादा घरी येऊन तक्रार करायचा नाही, पण त्याचं जेवण कमी झालं होतं. त्याला त्या गाडीची जबाबदारी दिलेली होती.

आता आईचं सांगायला हवं. आईचं माहेर पारशिवनीचं. तिथे मामा शेती करायचा, अजूनही करतो. आईचे गुडघे पन्नाशीतच गेले होते. आधी ती दर दोन महिन्यांनी बसने पारशिवनीला जायची. मग एसटीची पायरी तिला झेपेनाशी झाली. एकदा गणेशपेठच्या स्टँडवर तिला दोन अनोळखी माणसांनी दंडाला धरून वर ओढलं. मागून लोक घाई करत होते. त्या दिवसानंतर ती गेली नाही. आमच्या छोट्या कारमध्ये खाली वाकून बसायला तिला जमायचं नाही, बसली तर उठवायला दोघं लागायचे. मामाचा फोन आला की ती म्हणायची, यंदा घरी कामं खूप आहेत. हळदीकुंकवाला म्हणा, मामाच्या नातवाच्या बारशाला म्हणा, तिच्या ऐवजी आम्ही जायचो आणि तिने दिलेला डबा पोचवायचो. मामानेही विचारणं हळूहळू बंद केलं होतं.

एकदा दादा शोरूमची दाखवायची गाडी घेऊन दुपारी घरी आला. बाबांना दाखवायची होती. मीही त्या दिवशी तिथेच होते. आई हात पुसत बाहेर आली. दादाने दरवाजा सरकवला. कोणी काही म्हणायच्या आत आईने एक पाय आत ठेवला, दरवाज्याच्या कडेला धरलं आणि खाटेवर बसावं तशी सीटवर बसली. कोणाचा हात लागला नाही. ती थोडा वेळ समोर बघत राहिली. मग विचारलं, "पारशिवनीले किती वेळ लागते हिनं?"

दादाने ती गाडी घेतली ती त्या वाक्यासाठी, असं मला नेहमी वाटत आलं आहे. शोरूममध्ये सगळे हसले. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून यानेच घेतली, असं म्हणाले. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून घेणारे. ते दादाला म्हणाले, "लोकं जे घेऊन नाही राहिले, ते आपण काहून घ्यायचं गा?"

दादा म्हणाला, "लोकांच्या घरी आपली आई नाही, बाबा."

गाडीच्या पूजेला नारळ मात्र बाबांनीच फोडला.

पहिल्यांदा आम्ही पारशिवनीलाच गेलो. बाबा पुढे, दादाच्या शेजारी. मधल्या रांगेत डाव्या दरवाज्याशी आई, मग वहिनी, मग मी. मागे माझा नवरा आणि दोन्ही मुलं. पुढे जी चार-पाच वर्षं ती गाडी भरलेली राहिली, तेवढा काळ या जागा कोणी बदलल्या नाहीत. कन्हानचा पूल आला तसं बाबांनी पुराच्या वर्षीची गोष्ट सुरू केली. ती आम्ही शंभरदा ऐकलेली होती. एरवी ती ऐकायला एखाद-दुसराच सापडायचा. त्या दिवशी सगळे एकाच खोलीत कोंडलेले असल्यामुळे बाबांना आठ जणांची, म्हणजे स्वतःला धरून आठ जणांची सभा मिळाली, आणि त्यांनी ती गोष्ट कन्हानपासून आमडी फाट्यापर्यंत पुरवली.

मामाला आम्ही येतो एवढंच सांगितलं होतं. तो रस्त्याला येऊन उभा होता. त्याला वाटलं होतं नेहमीसारखे आम्हीच येऊ. गाडी थांबली, दरवाजा सरकला आणि आईने पाय खाली ठेवला. मामा तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम वळून गड्यावर ओरडायला लागला की बैल अजून उन्हात काहून बांधले. बैल सावलीतच होते. आईने पदर नीट केला आणि ती सरळ भावाच्या घरात चालत गेली.

त्यानंतर आम्ही त्या गाडीतून फार फिरलो असं नाही. रामटेकला गेलो, काटोलकडे संत्र्यांच्या दिवसांत गेलो, पेंचच्या बाजूला एकदा गेलो आणि वाघ न बघता आलो. पण लग्नं, मुंजी, तेरव्या, दवाखाना, सगळीकडे आठ जण एकदम जायचो आणि एकदम यायचो. मला आता आठवतं ते पोचणं नाही, जाणं. वहिनी संत्री सोलायची आणि फोडी पुढे-मागे पोचायच्या. मागच्या सीटवर माझ्या नवऱ्याचे गुडघे त्याच्या छातीपाशी आलेले असायचे आणि तो तिथूनच दादाला गिअरबद्दल सल्ले द्यायचा. मुलं झोपली की त्यांची डोकी माझ्या सीटच्या मागे आपटायची. एकच बोलणं चालायचं आणि ते सगळ्यांचं असायचं. कोणी रागावलं असलं तरी उतरून जायला जागा नव्हती, त्यामुळे कन्हान येईपर्यंत राग निवलेला असायचा. आई बोलायची सगळ्यांत कमी. ती काचेला टेकून बाहेर बघायची आणि मधेच सांगायची की इथे आधी बोरीचं झाड होतं.

गाडी बंद झाल्याची बातमी दादाने आम्हाला सांगितली नाही. माझ्या नवऱ्याने पेपरमध्ये व्यापाराच्या पानावर खालच्या कोपऱ्यात वाचली. कंपनीने ते मॉडेल बनवणं थांबवलं होतं. बाजारात येऊन तिला फार वर्षं झाली नव्हती. मी नंदनवनला गेले तेव्हा दादा अंगणात गाडी पुसत होता. मी विचारलं तर म्हणाला, पंधरवडा झाला. शोरूममधली काढून नेली. तिच्या जागी आता लाल रंगाची दुसरी ठेवली आहे.

आईला ते नीट समजलं नाही. ती म्हणाली, "बंद केली म्हंजे? आपली तर चालून राहिली."

नागपुरात आणि आजूबाजूला त्या गाड्या थोड्याच होत्या. बहुतेक दादानेच विकलेल्या. कोणाची कुठे आहे, घरात कोण कोण आहे, हे त्याला तोंडपाठ होतं. महालातला एक केटरर, धंतोलीचं एक डॉक्टर जोडपं, उमरेड रोडवरचं एक भजनी मंडळ, काटोलचे एक मास्तर. ते सगळे शोरूमला फोन करायला लागले की आता गाडीचं काय होणार. शोरूमवाले फोन दादाकडे द्यायचे. मग दादाने आपणहूनच प्रत्येकाला फोन करून सांगितलं की सर्व्हिसिंग बंद होणार नाही, काही अडलं तर मला सांगा. कंपनीने त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. तो घरी म्हणायचा, मी घ्यायला लावली ना त्यांना.

तो रोज असा कानाला फोन लावून अंगणात फेऱ्या मारायचा. एक दिवस आई म्हणाली, "त्या सगळ्यायले पारशिवनीले हुरड्याले बोलाव. बोलणं तर होईन एकदा समोरासमोर."

दादाला ते खुळचट वाटलं. पण वहिनीने उचलून धरलं आणि मामाने फोनवर एका शब्दात हो म्हटलं. असं करून थंडीतल्या एका रविवारी सकाळी कामठीच्या पुढे एका धाब्यापाशी सगळ्या गाड्या जमल्या. आल्या तशा सहा-सातच. पण सगळ्या सारख्या सपाट तोंडाच्या, एकामागे एक उभ्या. आम्ही रांगेने निघालो. आमडी फाट्यावर चहाला थांबलो तर टपरीवाल्याने दादाला विचारलं, "कोणत्या पार्टीचा परचार हाये?" दादा हसला. त्या वर्षात तो असा हसलेला मी पहिल्यांदा बघितला. मुलांचा तर गोंधळच झाला. चहा पिऊन परत गाडीत बसताना माझा मुलगा डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसला आणि भजनी मंडळातल्या एक आजी आमच्या गाडीत. गाड्या सुटल्यावर दोघांच्या लक्षात आलं. आजी म्हणाल्या, राहू द्या, इथेच बरं आहे.

मामाने शेतात गोवऱ्यांची शेकोटी करून ठेवली होती. हुरडा, लसणाची चटणी, दही, गूळ, आणि दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी. केटररला हातात पळी घेतल्याशिवाय चैन पडेना, म्हणून भाजी शेवटी त्याच्याच हातची झाली. पुरुष माणसं गाड्यांचे दरवाजे उघडून ऑइल, टायर, पिकअप असं बोलत राहिली.

काटोलचे मास्तर परस्पर, सर्वांत शेवटी आले. त्यांनी दरवाजा सरकवला, मागून दोन फळ्या काढून उतरत्या लावल्या, आणि त्यांवरून चाकाची खुर्ची हळूहळू खाली आणली. खुर्चीत त्यांची बायको होती. लहानपणी पोलिओ झालेला. त्या काटोलला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. आईने आपली चटई आणि ताट त्यांच्या खुर्चीपाशी सरकवलं आणि दिवसभर ती तिथून हलली नाही. आधी गुडघ्यांवर बोलणं झालं, मग माहेरावर. बाईंनी सांगितलेलं एक वाक्य आईने घरी येताना आम्हाला सांगितलं, नंतरही पुष्कळदा सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, "आधी हे मले ऑटोतून उचलून शाळेच्या फाटकात ठेवायचे. पोरी पाहून राहायच्या. आता मी बसून जाते अन् बसूनच उतरते."

त्या दिवसानंतर आई आणि त्या बाई फोनवर बोलायला लागल्या. काय बोलायच्या ते ठाऊक नाही. आई फोन घेऊन मागच्या दारी जायची.

त्यानंतर दीड-दोन वर्षं गेली असतील. मास्तरांचा दादाला फोन आला की गाडीचा सरकता दरवाजा अडकला आहे, उघडतच नाही. दरवाजा ज्या छोट्या चाकावर सरकतो ते झिजून फुटलं होतं. एवढीशी वस्तू, मुठीत मावणारी. दादाने नागपूर पालथं घातलं. पुण्याला, दिल्लीला फोन केले. ती वस्तू आता येत नाही, असंच सगळीकडून उत्तर. लेथवर एक तसं बनवून बघितलं, ते आठवड्यात गेलं. दुसऱ्या बाजूचं काढून बसवून झालं होतं, तेही झिजलेलंच होतं. मास्तर परत बाईंना ऑटोने नेऊ लागले.

दादा एका संध्याकाळी अंगणात आपल्या गाडीकडे बघत उभा होता. आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "आपलं काढून दे."

दादा म्हणाला की मग डावा दरवाजा कायमचा बंद होईल, तू चढशील कुठून?

"दुसऱ्या बाजूनं. माहं जाणं कधीमधी. तिले रोज शाळा आहे."

दादाने आमच्या गाडीचं ते चाक काढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः काटोलला जाऊन बसवून आला. आमचा डावा दरवाजा त्याने नटबोल्टने पक्का बंद करून टाकला. आता आईला उजव्या बाजूने, म्हणजे वाहत्या रस्त्याच्या बाजूने चढायला लागायचं. तेव्हापासून बाबा तिच्या आधी उतरायचे आणि रस्त्यात हात आडवा करून उभे राहायचे. ट्रकसमोरसुद्धा. आई सावकाश चढायची-उतरायची, आणि ती आत बसेपर्यंत बाबा हात खाली घ्यायचे नाहीत. मागे हॉर्न वाजत असले तरी नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाबा येतात ते बरेचदा असे, सक्करदऱ्याच्या रस्त्यात, स्वेटर घालून, हात आडवा.

नंतर शोरूमच बंद झालं. मालकाने एजन्सी सोडली, जागा कुठल्याशा फर्निचरवाल्याला दिली. दादा सहा महिने नागपुरात काम शोधत होता. मिळालं ते पुण्याला, जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका कंपनीत. तो एकटा गेला. वर्षाने वहिनी आणि मुलगी गेल्या. गाडी त्याने आईबाबांसाठी इथेच ठेवली. चालवायला माझा नवरा होता.

आम्ही रविवारी येऊन गाडी काढायचो. आई सवयीने बंद दरवाज्याशी, आपल्या जागी जाऊन बसायची. बाबा पुढे. माझा मुलगा आता मोठा झाला होता, कानात काहीतरी घालून मागे आडवा व्हायचा. वहिनीच्या जागेवर आई आपली पिशवी ठेवायची. एकदा रामटेकहून येताना ती म्हणाली, "किती मोठी वाटून राहिली गाडी." माझ्या नवऱ्याला वाटलं ती कौतुक करते आहे. तो म्हणाला, हो, अशी जागा आता कोणत्याच गाडीत मिळत नाही.

पारशिवनीला जाताना आई दादाला फोन लावायला सांगायची आणि तो स्पीकरवर ठेवायला लावायची. मग कन्हानच्या पुलावर बाबा पुराची गोष्ट सांगायचे आणि पुण्याहून दादा हं हं म्हणायचा. मधेच फोन तुटायचा. बाबा गोष्ट थांबवायचे, आणि फोन परत लागला की जिथे तुटली तिथूनच पुढे चालू करायचे.

आई गेली ती अचानक. थंडीचे दिवस होते. सकाळी चहा झाला आणि दहा वाजेपर्यंत सगळं संपलं होतं. दादा दुपारच्या विमानाने आला. मामाला आणायला माझा नवरा तीच गाडी घेऊन गेला. मामा त्या गाडीत बसून बहिणीकडे आला. उजव्या दरवाज्याने उतरला आणि दरवाजा कितीतरी वेळ तसाच उघडा राहिला. बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. काटोलहून मास्तर आणि बाईही आले. बाई आत आल्या नाहीत, फाटकाशी खुर्चीतच बसून राहिल्या. मी बाहेर गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की काल संध्याकाळीच बोलणं झालं होतं.

गाडी मग उभीच राहिली. बाबा रोज पुसायचे. बॅटरी उतरायची, माझा नवरा चार्ज करून आणायचा, परत उतरायची. आमची स्वतःची नवी कार आली होती, पाच जणांची. दादाकडचे दिवाळीला आले की आमच्या कारबरोबर एक टॅक्सीही बोलवायला लागायची, आणि पुढच्या गाडीत काय बोलणं झालं ते मागच्यांना पोचल्यावर कळायचं. तेव्हा मुलंही म्हणायची की ती डबा गाडी काढा ना. पण तिचा क्लच गेला होता, आणि तोही आता मिळत नव्हता.

शेवटी बाबाच म्हणाले, मास्तरांना विचारा. त्यांची गाडी अजून रोज शाळेत जात होती. आमची तिच्या सुट्या भागांसाठी कामी आली असती. दादाने कुठूनसा जुन्यातला क्लच मिळवून काटोलपर्यंत जाईल एवढी गाडी चालती केली. आम्ही दोघं निघालो. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, वहिनी पुण्यात होती. बाबांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही जा. ते आत गेले आणि त्यांनी टीव्ही मोठा केला.

मी पुढे बसले, बाबांच्या जागेवर. त्या जागेवर मी पहिल्यांदाच बसत होते आणि तिथून रस्ता वेगळाच दिसत होता, अगदी अंगावर येणारा. मागच्या सहा जागा रिकाम्या होत्या आणि रस्ता खराब लागला की त्या सीटा एकमेकींशी बोलल्यासारख्या वाजायच्या. दादा त्या दिवशी कधी नव्हे इतकं बोलला. लकडगंजच्या शेठचं, त्यांच्या काकूंचं. पुण्यात तो आता दिवसभर जुन्या गाड्या तपासतो. सांगत होता की इतक्या वर्षांत तिथे ही गाडी एकदाच विकायला आली. तिच्या मागच्या सीटखाली लहान मुलाचा एक सँडल सापडला. त्याने मालकाला फोन करून विचारलं, पाठवू का? मालक म्हणाला, त्या मुलाचं आता कॉलेज संपत आलं, टाकून द्या.

"टाकला?" मी विचारलं.

"नाही टाकवला," तो म्हणाला.

काटोलला मास्तरांनी घरामागे टिनाची शेड रिकामी करून ठेवली होती. त्यांची गाडी अंगणात उभी होती, आमच्याहून जुनी दिसणारी, पण चालती. चहा झाला. दादाने कोणते भाग काढून ठेवता येतील, कोणते लवकर लागतील ते मास्तरांना समजावून सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दोन गाड्यायवर माही नोकरी पूर्ण होते. त्याच्या पुढचं पुढं."

आणि त्यांनी एक मागणी केली. गाडी शेडमध्ये जायच्या आधी त्यांना तिच्यात एकदा बसायचं होतं. त्या आमच्या गाडीत कधी बसल्याच नव्हत्या. मास्तरांनी फळ्या आणल्या, उजव्या दरवाज्याला लावल्या. बाईंची खुर्ची आत घेता येईना, आमची मधली सीट मधे यायची. मग मास्तरांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं. त्या सरकत सरकत पलीकडे गेल्या, डाव्या बंद दरवाज्यापर्यंत, आणि काचेला टेकल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही चौघं संत्रा मंडीपर्यंत जाऊन आलो. मृगाचा बहार संपत आला होता, ट्रॅक्टर रिकामे परतत होते. बाई आम्हाला त्यांच्या शाळेतल्या मुलींच्या गोष्टी सांगत होत्या. कोण इंजिनीअर झाली, कोणाचं लग्न कुठे झालं. दादा मागे न बघता हं हं करत होता, आणि मी अर्धी वळून बसले होते. परत आल्यावर दादाने गाडी शेडमध्ये लावली, हँडब्रेक ओढला, चावी मास्तरांच्या हातात दिली. उतरल्यावर त्याने छतावर दोनदा थाप मारली, जशी माणसाच्या पाठीवर मारतात.

मास्तरांनी आम्हाला त्यांच्या गाडीने स्टँडवर सोडलं. बस भरलेली होती. थोडं उभं राहून मग दोघांना एकत्र जागा मिळाली. मला रडू येत होतं आणि ते मी खिडकीकडे तोंड करून लपवत होते. दादाला ते कळलं. त्याने विचारलं, "काहून वं?" मी म्हटलं, काही नाही. त्याने पिशवीतून बाईंनी दिलेलं एक संत्रं काढून सोललं आणि अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

फेटरीजवळ त्याचा फोन वाजला. वहिनी होती. काम झालं का, कुठपर्यंत पोचलात, असं काही विचारत असावी. दादाने सांगितलं की झालं, आता बसने येऊन राहिलो. मग तिने आणखी काहीतरी विचारलं, बहुतेक सगळे आहात का असं. दादाने बसमध्ये एकदा पुढेमागे बघितलं आणि म्हणाला, "नाही, दोघंच आहो."